मोखपाड्याची बैठक खोळंबली आहे

अक्कलकुवा
२५ जानेवारी, रविवार

उदेसिंग,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन खुणा निळ्या होतात आणि पुढे काही होत नाही. त्या खुणांकडे बघत बसण्याचं माझं वय राहिलं नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. अंकलेश्वरच्या तुझ्या खोलीचा पत्ता रोशनीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी दोनदा मागितला तेव्हा दिला.

ती सरपंच झाल्याचं तुला माहीत असेल. तुमच्या मोखपाड्याच्या वरच्या माळावर कंपनीला तळं बांधायचं आहे, हेही कानावर आलं असेल. दिवसा सौरविजेवर खालचं पाणी पंपाने माळावर चढवायचं आणि संध्याकाळी शहरांत दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. अजित वर्गात शिकवताना त्याला डोंगराची बॅटरी म्हणतो. ग्रामसभेने हो किंवा नाही फेब्रुवारी संपायच्या आत सांगायचं आहे. नाही सांगितलं, किंवा काहीच सांगितलं नाही, तर कंपनी पलीकडचा डोंगर बघणार.

रोशनी गेल्या रविवारी शेठच्या दुकानात, आपल्या बैठकीला आली होती. म्हणाली, "कंपनीवाले येतात, त्यांचं सांगून जातात. विरोधवाले येतात, ते त्यांचं सांगून जातात. तुम्ही लोक दोन्ही बाजू मांडता ना ताई? मग आमच्याकडे या. गावासमोर मांडा. नंतर गाव बसेल."

आपली बैठक तू सोडलीस तशीच चालू आहे. इंदरमलशेठच्या दुकानामागे, पंख्यांच्या खोक्यांवर. नवीन येणारे विचारतात की भविष्यावर बोलायला विजेच्या सामानाचं दुकान कशाला. मग त्यांना सांगावं लागतं की लोडशेडिंगच्या दिवसांत बाजारपेठेत उजेड फक्त शेठच्या इन्व्हर्टरखाली असायचा, म्हणून आपण तिथे जमलो, आणि पुढे वीज राहायला लागली तरी सवय गेली नाही. लोडशेडिंग कधीच संपणार नाही, हे शेठनी तेव्हा किती ठासून मांडलं होतं. त्या भरवशावर मागवलेले इन्व्हर्टर अजून माळ्यावर आहेत. गेल्या वर्षभरात आम्ही बँकेत माणूस उरेल का यावर बोललो, यंत्राने लिहिलेला निकाल कोर्टाने मानावा का यावर बोललो, आणि गुजरात सीमेवरच्या आपल्या तालुक्याला राजधानी मुंबई जवळची की गांधीनगर यावर तर शेठ आणि अजित जवळजवळ हातघाईवर आले.

नियमही तेच. चिठ्ठी उचलायची. जी बाजू येईल ती जीव लावून मांडायची. दुसऱ्या बाजूचा मुद्दा आपल्या तोंडून काढायचा नाही. घंटी वाजली की संपलं.

मोखपाड्यासाठी आज चिठ्ठ्या काढल्या. माझी 'बाजूने' आली, अजितची 'विरोधात'.

तू दोन वर्षांपूर्वी धरणांवरची चिठ्ठी उघडून पाहिलीस, पुन्हा घडी घातलीस आणि शेठच्या डब्यात परत ठेवलीस. आजोळ मणिबेलीचं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं; त्या माणसाच्या हातात 'बाजूने' आली होती. मी कार्यवाह होते. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. तू चप्पल घातलीस आणि गेलास. मला अजूनही वाटतं की नियम बरोबर होता. माणूस फक्त स्वतःचं दुःख मांडत बसला तर चर्चा होत नाही. हे मी तुला तोंडावर म्हणाले असते, तू थांबला असतास तर.

चर्चा येत्या रविवारी मोखपाड्यातच आहे, येऊ शकलास तर ये. तुझंच गाव आहे.

यामिनी


२ फेब्रुवारी, सोमवार

उदेसिंग,

तू आला नाहीस. तरी कळवते, कारण कळवलं नाही तर मला चैन पडणार नाही.

मोखपाड्याची चर्चा छान झाली. शाळेच्या ओट्यावर सगळे जमले होते, बायका पुढे बसल्या होत्या. गेल्या महिनाभरात वाचनालयात आलेलं ऊर्जेवरचं सगळं मी वाचून काढलं होतं. आमच्या वाचनालयात ऊर्जेचं मासिक माझ्याशिवाय कोणी उघडत नाही, तेव्हा पानं फाडायची सोयही होती, पण फाडली नाहीत. मी कागद न बघता बोलले. पुढच्या वीस वर्षांत देश कुठे चालला आहे, कोळसा का मागे पडणार, ज्या यंत्रांशी आपली पोरं मोबाइलवर बोलतात ती किती वीज खातात, आणि ती वीज साठवायची जागा ज्याच्याकडे आहे त्याला उद्या कोणी विचारल्याशिवाय राहणार नाही. मी म्हटलं, आज तुम्ही ऊसतोडीला खाली जाता, उद्या खालचे लोक कामाला तुमच्याकडे वर येतील. रोशनी वाक्यावाक्याला थांबवून गावच्या पावरी बोलीत सांगत होती. त्या वाक्यावर ती स्वतःच क्षणभर थांबली. तिचा नवरा दिवाळीपासून बारडोलीकडे तोडीवर आहे.

तुझी आई पुढेच बसली होती. मोतीबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. माझं बोलणं संपल्यावर उठून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला फार बरं वाटलं. कशाबद्दल ते मला कळलं नाही, तरी बरं वाटलं.

नंतर सगळ्यांनी भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली. परत येताना शेठ गाडीत म्हणाले, "ताई, आज तुन्हं भाषण ऐकीसन मीच माळ दी टाकतू."

गाव आता शुक्रवारी बसणार आहे. तिथे ठरेल ते ग्रामसभेत जाईल.

यामिनी


९ फेब्रुवारी, सोमवार

उदेसिंग,

मागच्या पत्रात मी अजितबद्दल काहीच लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू नेहमी जे सांगितलं नाही तेच आधी विचारायचास.

अजित आलाच नव्हता. बारावीच्या परीक्षेच्या कामाला त्याला आयत्या वेळी बोलावलं. सकाळी त्याचा फोन आला तेव्हा आम्ही गाडीत बसलो होतो. चर्चा पुढे ढकलू या, असं मी म्हटलं होतं. हळू आवाजात म्हटलं होतं. शेठ म्हणाले की डिझेल टाकलं आहे, गाव जमलं आहे. मग मी गेले, आणि अजितची वेळही मीच वापरली.

विरोधातले मुद्दे मला माहीत होते. अजितची टिपणं मीच तपासून दिली होती. तळ्याभोवती कुंपण येणार आणि गुरं त्याच्या आत जाणार नाहीत, हे मला माहीत होतं. काम बांधकाम चालेल तेवढी वर्षं, नंतर शिकलेली मोजकी माणसं, हेही माहीत होतं. पण माझी चिठ्ठी 'बाजूने'ची होती. दुसऱ्या बाजूचा मुद्दा आपल्या तोंडून काढायचा नाही. मी नियम पाळला, उदेसिंग. गावाने आम्हाला दोन्ही बाजू ऐकायला बोलावलं होतं आणि मी नियम पाळून एक ऐकवून आले.

पण आजचं पत्र यासाठी नाही.

आज सकाळी वाचनालय उघडायला गेले तर पायरीवर छगनकाका बसलेले. तुझे चुलते मला नावानेच माहीत होते, त्यांनीच ओळख सांगितली. मी विचारलं, काय काम काढलं?

"चल," म्हणाले. "तुला न्यायला आलो."

"कुठे?"

"बैठकीला. शुक्रवारी बसलो होतो. तू नव्हती."

मी म्हटलं, गावाची बैठक आहे, माझं तिथे काय काम. त्यांना माझा प्रश्नच कळेना. थोडं थोडं करून उलगडलं ते असं: मोखपाड्यात ज्याने एखाद्या गोष्टीवर गावासमोर सल्ला दिला, तो त्या गोष्टीच्या प्रत्येक बैठकीला हजर असायला लागतो. तो असल्याशिवाय बैठक सुरू होत नाही. त्याने बोलायचं आणि निघून जायचं, बाकीच्यांनी निस्तरायचं, असं तुमच्यात चालत नाही. शुक्रवारी सगळा गाव शाळेच्या ओट्यावर दुपारपर्यंत माझी वाट बघत बसला आणि उठला.

"मी पाहुणी होते काका. चर्चेला आले होते."

"बोलली ना?"

"बोलले."

"मग."

त्यांना चहा पाजला. मी सांगितलं, आज जमणार नाही, वाचनालयाची तपासणी आहे. तपासणी खरीच आहे, पण पुढच्या महिन्यात. काका म्हणाले, बरं, या शुक्रवारी बसू. आणि बाजारातून मीठ घेऊन गेले.

तू बैठकीत पंधरा वर्षं माझ्या शेजारी बसलास. तुमच्यात बोललेल्याचं असं असतं, हे तू एकदाही सांगितलं नाहीस. की सांगितलं होतंस, आणि मी तो तुझ्या बाजूचा मुद्दा समजून त्याचं उत्तर शोधत बसले?

यामिनी


१४ फेब्रुवारी, शनिवार

उदेसिंग,

काल शुक्रवार होता. मी गेले नाही.

सकाळी सहाला उठून आवरलं, डबा भरला, बसस्टँडवर गेले. डोंगराची बस लागली. कंडक्टर ओळखीचा, म्हणाला, "ताई, जागा शे, बसा." मी म्हटलं, पुढच्या गाडीने येते. पुढची गाडी दुपारची असते हे त्यालाही माहीत होतं. घरी येऊन डबा खाल्ला. दिवसभर वहीत लिहीत होते आणि खोडत होते. तिथे जाऊन काय सांगायचं याची तीन टिपणं केली. पहिल्यात मी सगळं मागे घेते. दुसऱ्यात अर्धं. तिसरं वाचलं तर पुन्हा भाषणच झालं होतं, आणि चांगलं झालं होतं.

संध्याकाळी दुकानात गेले. शेठना सगळं सांगितलं. त्यांनी टेस्टर कानामागे खोचला आणि हसायला लागले.

"ताई, तू इतली शिकेल शे आनि तुले समजनं नही? तू नही गई ते बैठक भरस का? नही भरस. बैठक नही ते ग्रामसभा नही. महिना संपना का कंपनी गई दुसरा डोंगरवर. तुन्हं काम घर बसीसन व्हई जास."

"माझं कसलं काम?"

"मन्हासमोर नको नाटक करू. तुन्हा मनमा काय शे, माले माहीत शे. तू भाषण कयं बाजूनं, पण उतरतांना तू त्या माळकडे कशी दखी ऱ्हायनी होती, मी दखं ना."

"आणि तुम्हाला काय हवं आहे?"

"माले?" शेठ म्हणाले. "माळवर कंपनी उनी ते मन्ह्या वायरी खपतीन. नही उनी ते सोलर पंप खपतीन. मन्हं ते चालसच."

मी रागाने उठले. पण रस्त्यात कळलं की राग शेठचा नव्हता. बसस्टँडवर माझे पाय का अडले, ते त्यांनी मला सांगितलं होतं. मला तो माळ जायला नको आहे. तुमचा महू, आमचा मोह, फुलायच्या दिवसांत तू आम्हाला तिथे नेलं होतंस, बायका पहाटे टोपल्या घेऊन झाडांखाली वेचत होत्या, ते मला आठवतं. पण माझं हे 'नको' मी कुणासमोर उभं राहून म्हटलेलं नाही. गावासमोर 'हो' म्हणून आले, आणि आता घरी बसून 'नाही' लादते आहे. तेही त्या रोशनीवर, जिने मला विश्वासाने बोलावलं. तिला ते काम हवं आहे, उदेसिंग. तिला तिचा नवरा घरी हवा आहे. तिचं म्हणणं चूक असेल तर ते तिच्या गावाने तिला सांगावं. मी इथे वाचनालयात बसून का सांगते आहे?

रात्री रोशनीचा फोन आला होता. मी उचलला नाही. हे लिहिताना माझा फोन न उचलणारा तू आठवलास, पण या वेळी राग न येता.

यामिनी


१७ फेब्रुवारी, मंगळवार

उदेसिंग,

छगनकाका पुन्हा येऊन गेले. पायरीवर बसले, वर्तमानपत्रातली चित्रं पाहिली, अकराला उठले. मी म्हटलं, सोमवारी नक्की येते. ते म्हणाले, "गाव सोमवारी बसेल."

मला कोणी असं दुसऱ्यांदा 'येते' म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

यामिनी


२४ फेब्रुवारी, मंगळवार

उदेसिंग,

काल गेले. सगळं लिहिते, क्रमाने, कारण शेवटी तुझं काम आहे.

पोचले तेव्हा गाव जमलेलंच होतं. कंपनीचा माणूस झाडाखाली गाडीत बसून होता, त्याला ओट्यावर येऊ दिलं नव्हतं. त्याने बोललेलं गावात धरत नाहीत, कारण तो पगारावर बोलतो, असं छगनकाकांनी मला समजावलं. माझं धरतात. मला कोणी पैसे दिले नव्हते.

मी बसले तशी बैठक सुरू झाली. पहिल्यांदा मलाच उभं केलं. मी टिपणं नेली नव्हती. म्हटलं, मी त्या दिवशी जे बोलले ते माझं मत नव्हतं. आमच्याकडे चिठ्ठी काढतात, तीत जे येतं ते बोलायचं असतं. रोशनीने हे पावरीत सांगितलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा सांगितलं, बहुतेक पहिल्यांदा कोणाला पटलं नसावं.

मागून एक बाई काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मी रोशनीला विचारलं, ती हसत नव्हती. "म्हणते, चिठ्ठीत 'नवरा मार' आलं तर मारणार का?"

"चिठ्ठी कोण लिहितं?" छगनकाकांनी विचारलं.

"मीच लिहिते."

"मग तुझंच झालं ना."

मी म्हटलं, माझंच झालं. मग त्या दिवशी जे सांगायचं ठेवलं होतं ते सांगितलं. कुंपणाचं, गुरांचं, कामाच्या वर्षांचं. विजेच्या मोठ्या तारा गावावरून जातील आणि त्यातली वीज गावात उतरेलच असं कागदात कुठे नाही, हे सांगितलं. आणि हेही सांगितलं, की कोळसा जाणार हे मी खोटं बोलले नव्हते, साठवणीची गरज मोठी आहे हेही खोटं नव्हतं. आमच्या अक्कलकुव्यातले पंखे कुठल्यातरी डोंगराच्या जिवावरच फिरतात.

"म्हणजे हो की नाही?" एकाने मराठीतच विचारलं.

"माझा माळ असता तर मी दिला नसता."

"तुझ्या गावचा माळ दे मग कंपनीला."

"माझं गाव प्रकाशा. तिथे माळ नाही, तापी आहे."

"तापी दे."

या वेळी मीही हसले. रोशनी हसली नाही. ती उभी राहिली आणि माझ्याकडे पाठ करून गावाशी बोलली, बराच वेळ. मला शब्द कळत नव्हते, तिच्या नवऱ्याचं नाव तेवढं दोनदा कळलं. मग ती वळून मराठीत म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणाला होता खालचे लोक वर येतील. मी ते नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मग या वर्षीची शेवटची तोड. आता त्याला मी काय सांगू? चिठ्ठी होती म्हणून सांगू?"

इतकी वर्षं मी घंटी वाजेपर्यंत उत्तर देत आले आहे. तिथे घंटी नव्हती आणि सगळे बघत होते. मी म्हटलं, "होय. तेच सांग. माझं नाव घेऊन सांग." ती खाली बसली. नंतर दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

मग गाव भांडलं. मला वाटलं होतं एक बाजू म्हातारी आणि एक तरुण असेल. तसं नव्हतं. एका म्हाताऱ्याला तळं हवं होतं, तळ्यात मासे येतील म्हणून. ऊसतोडीहून परत आलेला एक तरुण म्हणाला, गुजरातमध्ये मी कुंपणाच्या बाहेर झोपतो, इथेही कुंपणाच्या बाहेरच झोपू का. रोशनी त्याच्यावर ओरडली. दुपारी सगळे भाकरी खायला उठले आणि येऊन पुन्हा भांडले. मी वहीत काही लिहिलं नाही.

शेवटी छगनकाकांनी मला विचारलं, तुझं पहिलं बोलणं राहू द्यायचं की काढायचं? मी म्हटलं, काढा. आजचं ठेवा. ते म्हणाले, दोन्ही तुझीच, दोन्ही राहतील, पण तू काढते म्हणाली हे गावाने ऐकलं. एवढंच होऊ शकतं.

मला वाटलं आता हात वर करतील. पण तुझी आई उठली.

मोतीबाई म्हणाल्या (रोशनीने सांगायला नकार दिला, छगनकाकांनी मोडक्या मराठीत सांगितलं), की हिचं बोलणं आम्ही धरलं ते हिच्यामुळे नाही. हिला कोण ओळखतं. चर्चेच्या आदल्या रात्री माझ्या पोराचा फोन आला होता. मी विचारलं, ती तुझ्या बैठकीची बाई येते, ती कशी आहे? तो म्हणाला, यामिनी आपल्या गावात उभी राहून मनातलंच बोलेल. ती चिठ्ठीचं बोलणार नाही, तिथे तरी नाही. तिचं ऐका.

तुझी आई मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तो असा बोलला." आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

मी तुला सहा पत्रं लिहिली. हे सहावं. तू एकाही ओळीचं उत्तर दिलं नाहीस आणि मला वाटलं तू मला मोजतच नाहीस. त्या वेळी तू तुझा अख्खा गाव माझ्या बोलण्यावर ठेवून मोकळा झाला होतास. त्या रात्री तू ते मला सांगितलं असतंस तर? मी स्वतःला हे कालपासून विचारते आहे. तू सांगितलं असतंस तर मी चिठ्ठी परत ठेवली असती का? मी 'हो' लिहिलं, मग खोडलं. तुझ्यासमोर दोन वर्षांपूर्वी मी काय म्हणाले होते ते मला पाठ आहे. मी बहुतेक म्हटलं असतं, नियम सगळ्यांना सारखा.

आता तुझ्या कामाचं.

तू फोनवर बोललास, ते गावासाठी होतं, आणि तुझ्या आईने ते बैठकीत सांगितलं. म्हणजे आता तूही या गोष्टीवर बोललेला आहेस. छगनकाकांनी विचारलं, उदेसिंग कुठे आहे? कोणीतरी म्हणालं, अंकलेश्वरला. मग गाव उठलं. माझं मी काढलं, पण माझ्याबद्दल तू दिलेला शब्द अजून तिथेच आहे, आणि तो राहू द्यायचा की काढायचा हे तू स्वतः येऊन सांगेपर्यंत मोखपाडा बसणार नाही.

शनिवारी, अठ्ठावीसला, सकाळी बैठक आणि लगेच दुपारी ग्रामसभा. तो महिन्याचा शेवटचा दिवस आहे. तू आला नाहीस तर बैठक होणार नाही आणि कंपनी जाईल. तुला माळ जायला नको आहे, हे मला ठाऊक आहे. बुडालेल्या मणिबेलीवरून आपण बोटीने गेलो तेव्हा तू जे बोलला होतास ते मी विसरलेली नाही. न येण्याने तुझं काम किती सहज होईल, हेही मला ठाऊक आहे. मी स्वतः एक शुक्रवार ते करून पाहिलं. आणि तू आलास, तर गाव बसेल, आणि रोशनीच्या बाजूने हात जास्त वर होतील असं मला काल वाटलं. हे तुझ्यापासून लपवलं तर पुन्हा एकच बाजू सांगितल्यासारखं होईल.

तू माझ्याबद्दलचा शब्द काढलास तरी चालेल. तो काढावास असंच मला वाटतं.

छगनकाका गुरुवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघतील. त्यांना अंकलेश्वर माहीत नाही, म्हणून मी बरोबर येते आहे. शनिवारी कारखान्यात तुझी पाळी असेल तर पत्र मिळताच बदलून घे, ते पायरीवरून उठत नाहीत.

यामिनी